खुणेखाली दोन बोटं पाणी

मावशीने स्वयंपाकघरातला पेला उचलून खिडकीच्या उजेडात धरला. सकाळी कामावर निघताना तिने काचेवर निळ्या पेनाने बारीक रेघ मारून ठेवली होती. पाणी त्या रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली होतं. मग तिने बिस्किटांची बरणी उघडली. सकाळी एकोणीस होती, आता पंधरा. ओट्यावरचं झाकलेलं ताट मात्र जसंच्या तसं होतं, भाताचा ढीगसुद्धा हललेला नव्हता.

बाहेरच्या खोलीत नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. सकाळी सात वाजता ती सोडून गेली तेव्हा जसा होता, तसाच. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर.

"ताट घेतलं नाहीत?" तिने आतूनच विचारलं.

"नाही."

"बाहेर गेला होतात का कुठे?"

तो जरा वेळाने म्हणाला, "नाही, मी बसलो होतो."

लबाड, ती मनात म्हणाली. ताटाला हात लावला तर पकडला जाईन म्हणून बिस्किटांवर ताव मारलाय. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि पेल्यावरच्या रेघेने ते तिला दाखवून दिलं होतं.

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती बावीस वर्षं उंदीर सांभाळत होती, आणि तिथले सगळे तिला मावशी म्हणत. आपणही तेच म्हणू. काम म्हणाल तर पिंजरे धुणं, भुसा बदलणं, रोज सकाळी एकेका उंदराचं वजन करणं आणि पाण्याच्या बाटल्यांवर खुणा करणं. कुठला उंदीर रात्रीतून किती प्यायला, हे बाटलीवरच्या रेघेवरून कळतं. तीच युक्ती तिने आता घरी आणली होती.

एरवी अशी बाई आपल्या नवऱ्याच्या पेल्यावर रेघा मारत बसली नसती. पण नवऱ्याची कीर्तीच तशी होती. तो शिलाई मशिनी दुरुस्त करायचा, घरोघर जाऊन. हातात कसब होतं आणि जिभेला हाड नव्हतं. एका मशिनीला वीस मिनिटं पुरायची, पण त्या घरातून तो दोन कप चहा आणि चार घरच्या बातम्या घेतल्याशिवाय निघायचा नाही. सोंग घेण्यात तर तो पटाईत. मावशीच्या भावाच्या लग्नाआधी त्याची कंबर धरली. आठ दिवस अंथरुणात पडून कण्हत होता, आणि मावशी शेक देत होती. लग्न पार पडलं त्याच संध्याकाळी खाली आइसक्रीमची गाडी आली आणि हा गडी तीन जिने उतरून सगळ्यांच्या आधी गाडीपाशी हजर. वर आला तेव्हा मावशी दारात उभी होती. तो म्हणाला, "तुझ्यासाठीच आणलंय." तिने दोन दिवस अबोला धरला होता, पण आइसक्रीम खाल्लं होतं.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताच्या बारीकशा गाठी अडकल्या. सहा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, हातपाय शाबूत, वाचा शाबूत, नशीबवान आहात. ते खरंही होतं. चाला म्हटलं की तो चालायचा, जेवा म्हटलं की जेवायचा, विचारलं तर नीट उत्तर द्यायचा. फक्त आपणहून काही करायचा नाही. आंघोळीला जा म्हटलं नाही तर दुपारपर्यंत टॉवेल खांद्यावर घेऊन बसून राहायचा. ज्याच्या बडबडीने शेजारी दार लावून घ्यायचे, तो आता सांगेपर्यंत तोंड उघडत नव्हता. तपासणीला नेलं तर डॉक्टर पाच प्रश्न विचारायचे, हा पाच उत्तरं द्यायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, उत्तम.

पहिले दोन महिने मावशीने त्याची कीव केली. तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यावरच्या टेलरने तिला रस्त्यात गाठून सांगितलं की तुमचा नवरा ठणठणीत आहे. टेलरने एक बिघडलेली मशीन घरी आणून नवऱ्यासमोर ठेवली, बघ जरा म्हणाला, आणि गड्याने वीस मिनिटांत चालू करून दिली. त्या दिवसापासून तिच्या मनात संशय शिरला. मशीन दुरुस्त करता येते आणि स्वतःचं ताट वाढून घेता येत नाही? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

तेव्हा तिने ठरवलं, सकाळ-संध्याकाळचं आपण समोर वाढायचं, पण दुपारचं ताट ओट्यावर झाकून ठेवायचं. "भूक लागली की घ्या," एवढंच सांगायचं आणि निघायचं. बावीस वर्षांत तिने एक गोष्ट पाहिली होती, भुकेला जीव उठतोच. पिंजऱ्यातली कळ दाबली की दाणा पडतो हे एकदा कळलं की उपाशी उंदीर ती कळ पन्नास वेळा दाबतो, शंभर वेळा दाबतो. माणूस खोटं बोलेल, भूक कशाला बोलेल?

पहिल्या आठवड्यात ताट रोज तसंच राहिलं आणि त्याचं वजन सव्वा किलोने उतरलं. ती घाबरली, पण हटली नाही. आणि मग, गेल्या आठनऊ दिवसांत, वजन उतरायचं थांबलं. ताट तसंच. पाणी कमी व्हायला लागलं, बिस्किटं कमी व्हायला लागली. त्यातच एका संध्याकाळी त्याचा डावा गाल आणि कपाळ उन्हाने लालबुंद झालेलं दिसलं. विचारलं तर म्हणाला, ऊन लागलं. घरात बसून कुणाला ऊन लागतं? तिने त्याच्या चपला उलट्या करून तळाची धूळ बघितली. नक्की काही कळलं नाही, पण टेलरच्या दुकानात गप्पा मारत बसलेला नवरा तिला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसला.

दुसऱ्या दिवशी कामावर वेगळंच प्रकरण उभं होतं. शेपटीवर दोन काळ्या रेघा असलेला एक उंदीर तीन दिवस वजनात उतरत होता. अन्नाची वाटी त्याच्यापासून वीतभर अंतरावर, भरलेली. तो कोपऱ्यात बसून. मावशीच्या मनात जे चाललं होतं तेच तिच्या तोंडून बाहेर आलं. ती प्रयोग करणाऱ्या मॅडमना म्हणाली, हा नखरे करतोय, आपली पाठ फिरली की खात असेल.

मॅडम तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या आणि तिला समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. कॅमेरा दिवसरात्र चालू आहे, हा हललासुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी उंदराला तळहातावर घेतलं आणि ड्रॉपरने साखरपाण्याचा एक थेंब त्याच्या तोंडाशी धरला. उंदराने तो चाटला. मग जीभ बाहेर काढून ओठ चाटले, पंजे चाटले. आणखी एक थेंब दिला, तोही मिटक्या मारत घेतला. मग त्याला वाटीजवळ ठेवलं, तर तो ठेवला तिथेच बसून राहिला.

"भूक आहे त्याला, मावशी. चवही कळते, आवडतंही," मॅडम म्हणाल्या. "पण भूक लागली की आपल्याला ढकलून उठवणारं एक काहीतरी मेंदूत असतं. ऊठ, जा, घे, असं म्हणणारं. याच्यात तेवढंच आम्ही बंद पाडलंय."

मावशी उंदराकडे बघत राहिली. खिडकीजवळची खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर आली. मग तिला बरणी आठवली. तिने भुसा सारखा करत सहज विचारल्यासारखं विचारलं, की असा प्राणी, कोणी बघत नसताना, आपला आपण जाऊन थोडंफार खाऊन येईल का?

"छे. कुणीतरी तोंडाशी धरल्याशिवाय नाही."

झालं तर मग. मावशीच्या जिवावरचं ओझं उतरलं. या उंदराचं खरं आहे, कारण हा खात नाही. आमच्या ह्यांचं खोटं आहे, कारण हे बिस्किटं खातात. हिशेब सरळ होता. तिला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. नवरा आपल्याला फसवतोय हे सिद्ध झाल्यावर बाईला आनंद का व्हावा, याचा विचार करायला ती थांबली नाही. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जाताना दोन रेघांवाल्याला ड्रॉपरने आणखी थोडं पाजायचं का, एवढं मात्र मॅडमना विचारून घेतलं.

इथे मावशीचं चुकलं, आणि तिच्यासारख्या जुन्या माणसाने ही चूक करायला नको होती. पिंजऱ्यातलं पाणी कमी दिसलं की ती पहिल्यांदा विचारायची, बाटली गळतेय का? आणि दुसरा प्रश्न, पिंजरा कोणी उघडला? नव्या पोरींना हे दोन प्रश्न तिनेच पाठ करायला लावले होते. घरी तिने एकही विचारला नाही.

एक वाजायला आला तेव्हा ती आपल्या मजल्याच्या वरच्या जिन्यावर, वळणाच्या कठड्याआड उभी होती. उंदीर पकडायला मांजराने बसावं तशी बसायची तिच्यावर वेळ आली, याची तिला लाज वाटत होती. पण हटायचं नव्हतं. दार उघडून तो बाहेर पडेल, टेलरकडे निघेल, आणि आपण वरूनच म्हणू, "काय, निघालात का फिरायला?" पुढचं भांडणही तिने मनात जुळवून ठेवलं होतं.

दार उघडलं नाही. खालून कुणीतरी वर आलं. नणंद होती, नवऱ्याची धाकटी बहीण. ती जवळच्या पाळणाघरात सकाळी मुलं सांभाळायची आणि बाराला सुटायची. तिच्या हातात कापडात बांधलेला डबा होता. तिने बेल वाजवली. आतून पावलांचा आवाज आला, आणि नवऱ्याने दार उघडलं.

म्हणजे उठतात. बेल वाजली की बरोबर उठतात. आणि ही भवानी यांना सामील आहे. मावशीचे कान तापले. तिने मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि खाली उतरली. दार नुसतंच लोटलेलं होतं. लावून घ्या, असं त्याला कुणी सांगितलं नसावं.

नवरा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. नणंद समोर उभी राहून पाळणाघरातल्या आवाजात सांगत होती, "घास घे. चावून खा. आता पाणी पी." तो सांगितलं तसं करत होता. टेबलावर डबा होता, पेला होता, आणि चार बिस्किटं काढून ठेवली होती.

"किती दिवस चाललंय हे?" मावशीने दारातून विचारलं.

नणंद दचकली नाही. "दहा दिवस. तू कधी विचारतेस त्याची वाट बघत होते."

"दोघं मिळून मला वेड्यात काढताय होय?" मावशी नवऱ्याकडे वळली. "अहो, पुरे झालं आता. सापडलात तुम्ही. सोडा ते सोंग."

त्याने तिच्याकडे बघितलं. हातातला घास हातातच होता.

"बरं," तो म्हणाला.

आणि तसाच बसून राहिला. सोंग सोडलेला माणूस कसा दिसतो हे मावशीला माहीत होतं. कान लाल होतात, नजर चुकवतो, मग हसायला लागतो. ती वाट बघत राहिली. त्यातलं काहीच झालं नाही.

"वहिनी, मी काय बोलते ते ऐक," नणंद म्हणाली. "मी दहा दिवसांपूर्वी सहज आले होते. याने दार उघडलं तर अर्धं तोंड लाल. खुर्ची त्या खिडकीत, आणि ऊन सरळ अंगावर. खुर्चीच्या दांड्याला मला हात लावता येईना. मी म्हटलं, दादा, चटका बसत नाही का? म्हणाला, बसतोय. मग सरक ना, म्हटलं. तेव्हा सरकला." तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "मी म्हटलं तेव्हा सरकला, वहिनी."

मावशीने खिडकीकडे बघितलं. दुपारचा एक वाजला होता आणि रिकाम्या खुर्चीवर ऊन पडलं होतं. सकाळी सातला तिथे सावली असते. मावशी निघायची ती सावलीत, आणि यायची तीही सावलीत.

नणंदेचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ती पाणी आणायला आत गेली तर ओट्यावर भरलेलं ताट, आणि पेल्यावर निळी रेघ. तिला वाटलं, वहिनी दादावर प्रयोग करतेय, तिच्या उंदरांवर करतात तसा, उपाशी ठेवून. म्हणून तिने त्या ताटाला कधी हात लावला नाही. चार नातेवाइकांना बोलावून ते ताट दाखवायचं तिच्या मनात होतं. दादाचं पोट मात्र रोज आपल्या डब्याने भरत होती, आणि वर बरणीतली चार बिस्किटं द्यायची, कारण तो ती आवडीने खायचा.

"उपाशी मारायला निघाले नव्हते मी," मावशी म्हणाली.

"मग काय करत होतीस?"

मावशी टेबलाशेजारच्या स्टुलावर बसली. "उठतात का बघत होते," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, भूक लागली की उठतील."

नणंद तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती अजून पुरती निवळली नव्हती. नवऱ्याच्या हातातला घास आता थंड झाला असणार. "खा, दादा," नणंद म्हणाली, आणि त्याने खाल्ला.

जाताना तिने सांगून टाकलं की उद्यापासून आपण येणारच, वहिनीला रुचो न रुचो. मावशी म्हणाली, "ये. पण डबा आणू नकोस. मी ठेवीन त्यातलंच वाढ." नणंदेने मान हलवली, तरी पायरी उतरण्याआधी एकदा वळून आत बघून घेतलं.

मावशीने दार लावलं. खुर्ची खिडकीतून उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. मग पेला घेऊन नळाखाली धरला आणि अंगठ्याने रेघ घासत राहिली. पेनाची शाई काचेवरून पटकन जाते, तरी ती बराच वेळ घासत होती. तिला रडू येत होतं, आणि ते कशाचं आहे हे आता तिला कळलं होतं. आपल्या हातून झालं त्याचं तर होतंच. पण तिला तो लबाड निघायला हवा होता. लबाड निघाला असता तर ती कडाडून भांडली असती, महिनाभर अबोला धरला असता, सगळ्या आळीला सांगितलं असतं, आणि त्या लबाड माणसाबरोबर तिचा संसार पुढे चालू राहिला असता. बिस्किटं चोरणारा नवरा तिला चालला असता. त्या चार बिस्किटांवर ती दहा दिवस जगली होती.

ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो, गेल्या पंधरवड्यात दुपारची भूक लागायची तुम्हाला?"

"लागायची."

"मग?"

तो आठवत असावा. कपाळावर सोललेल्या कातडीचा पापुद्रा दिसत होता. "मग मी बसलो होतो," तो म्हणाला.

"माझा राग आला?"

"नाही."

"येऊ द्यायचा होतात." यावर तो काही बोलला नाही, कारण हा काही प्रश्न नव्हता.

मावशीने ओट्यावरचं ताट आणून टेबलावर ठेवलं. झाकण काढलं. भात गार झाला होता, अंड्याच्या कडा सुकल्या होत्या. सकाळी धांदलीत ती एक कप चहा घेऊन निघाली होती आणि नंतर जिन्यावर उभं राहण्याच्या नादात तिने स्वतःचा डबा उघडलाच नव्हता. तिला एकदम कडकडून भूक लागली. आणि तरी हात पुढे होईना.

समोर तो बसला होता, स्वच्छ, शांत, पोटभर जेवलेला. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"मला विचारा, तू जेवलीस का."

"तू जेवलीस का?" त्याने विचारलं. आवाज त्याचाच होता, अगदी पूर्वीचा.

"नाही हो," मावशी म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही." तिने डोळे पदराने पुसले. "आता मला जेव म्हणा."

"जेव," तो म्हणाला.

मावशीने ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागली.